कलिंगवर बोलायचं तर आधी पेलेट्सवर बोलू: बुशमध्ये सुट्टीला येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

इथे दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग-प्रिटोरियाहून लाँग वीकेंडला एन-फोर हायवे पकडून मार्लोथ पार्कला येणाऱ्या सगळ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते, काहींनी आमच्या ओट्यावर बसून चहा घेतलाय, काहींच्या पोरांना रात्री टॉर्च घेऊन बुशबेबी मीच दाखवलाय. त्यामुळे परक्यासारखं गुळगुळीत बोलणार नाहीये, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलते. थोडं कडक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गेले काही दिवस आपल्या सगळ्या ग्रुप्सवर एकच फोटो फिरतोय, आमच्या पार्कातल्या कलिंगचा, म्हणजे जनावरांची संख्या आटोक्यात ठेवायला त्यातली काही ठरवून मारण्याचा. एक बकी (पिकअप गाडी), मागे ताडपत्री आणि ताडपत्रीखालून बाहेर आलेले इम्पाला हरणांचे पाय. खाली रडणारे इमोजी, "राक्षस आहेत हे लोक", "मुक्या जनावरावर गोळी चालवताना हात कसा थरथरत नाही", आणि मग पिटिशनची लिंक, सही करा आणि दहा जणांना पाठवा. तुम्हाला वाईट वाटलंय ते खरंच वाटलंय, त्यात मला शंका नाही. मलाही कलिंग चालू असतं त्या रात्री झोप लागत नाही. पण एवढ्या शेकडो मेसेजेसमध्ये एकानेही विचारलं नाही की मुळात मारायची वेळ का आली, आणि त्यात आपला, म्हणजे सुट्टीला येऊन जनावरांना घालायच्या पेलेट्सची, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांची, गोणी फोडणाऱ्यांचा वाटा किती. मला बोलायचंय ते त्याच्यावर.

ज्यांनी अजून हे पार्क बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्लोथ पार्क म्हणजे क्रुगर नॅशनल पार्क नव्हे. आमचं पार्क क्रोकोडाईल नदीच्या दक्षिण काठाला, पलीकडच्या काठाला क्रुगर, आणि मध्ये कुंपण. क्रुगर जवळजवळ 20 लाख हेक्टर आहे आणि आमचं पार्क सगळं मिळून 3,000 हेक्टरच्या आसपास, त्यातच घरं, मातीचे रस्ते, दुकानं, स्विमिंग पूल, सगळं. प्लॉटना कुंपण घालायचं नाही असा नियम आहे, म्हणून तर कुडू (पिळदार शिंगांचं मोठं हरिण) अंगणात येतो, झेब्रा गाडीच्या बॉनेटला नाक लावतो, वॉर्टहॉग (इथलं रानडुक्कर) गुडघे टेकून तुमच्या पायरीजवळ चरतो. हेच बघायला आपण येतो. पण पार्काला बाहेरून कुंपण आहे हे आपण विसरतो. आतलं जनावर बाहेर जाऊ शकत नाही. अधूनमधून क्रुगरमधून एखादा सिंह शिरतो, बिबट्याही असतो, पण कळप आटोक्यात ठेवायला ते पुरेसे नाहीत, आणि पुरेसे असावेत असं लहान पोरं घेऊन येणाऱ्या आपल्यापैकी कोणी म्हणणारही नाही. मग होतं असं की इम्पाला पहिल्या पावसाबरोबर नोव्हेंबर-डिसेंबरात दर मादीमागे एक पिल्लू देतात, वॉर्टहॉग एका वेताला दोन ते चार देतात, नदीपलीकडे त्यातला मोठा हिस्सा सिंह, हायना, रानकुत्रे, बिबटे खातात आणि नदीच्या ह्या बाजूला जवळजवळ सगळी मोठी होतात. दरवर्षी.

आणि त्यांना जगवायला आपण असतो, पेलेट्स घेऊन.

मला माहितीये तुम्ही का खायला घालता. दारात आलेल्या जनावराला उपाशी पाठवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, स्वयंपाक झाला की पहिला घास गाईचा. माझी सासू सांगलीहून आली होती तेव्हा तिने पहिल्या दिवशी कुडूला पोळी दिली आणि हात जोडले, आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं. ही भावना मी कमी लेखत नाही. पण गाय आपण पाळलेली असते, तिला किती वासरं होऊ द्यायची, तिला लस कधी द्यायची, चारा संपला तर काय करायचं, हे सगळं आपल्या अंगावर असतं आणि आपण ते निभावतो. कुडूचं आपण काय निभावतो? शुक्रवारी येतो, रविवारी जातो. गोग्रास देणारा माणूस सोमवारीही तिथेच असतो.

आणि पोळी, भात, मॅगी, ब्रेडबद्दल तर एकदाच सांगते. कुडू, इम्पाला रवंथ करणारे आहेत. त्यांचं पोट पाल्याचं, गवताचं आहे. पीठ आणि भात एकदम जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं आणि त्यात मरूही शकतं. तुम्हाला ते दिसत नाही कारण ते झाडीत जाऊन मरतं आणि तोवर तुम्ही टोल भरून घरी पोचलेले असता.

आता आजाराचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि त्यावर ग्रुपमध्ये एक अक्षर नाही.

गुरांचा टीबी, बोव्हाईन टीबी. क्रुगरमध्ये तो 1990 साली पार्कच्या दक्षिण भागात केप बफेलोमध्ये पहिल्यांदा सापडला, आणि तो नदीच्या ह्या बाजूच्या गुरांकडून गेला असं मानतात. बफेलोतून तो सिंहांत गेला, कुडूंत गेला, आणि आमच्या पार्कातल्या कुडूंमध्येही तो आलाय. कुडूला झाला की बऱ्याचदा कानाच्या खाली गाठ येते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या भाड्याच्या घरासमोर मी एक मादी बघितली. लांबून चांगली दिसत होती, जवळ आली तेव्हा उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ, ती फुटलेली, पू वाहून मानेवरचे केस चिकटलेले, बरगड्या मोजता येत होत्या. पाहुण्यांनी पत्र्याचा ट्रे भरून ठेवला होता. तिने त्यात तोंड घातलं, खाल्लं, ट्रे चाटला, लाळेची तार लोंबत होती. ती बाजूला होते न होते तोच तिच्या मागे उभं असलेलं वर्षभराचं पिल्लू त्याच ट्रेमध्ये तोंड घालून उभं राहिलं, मग दुसऱ्या दोन माद्या आल्या, मग वॉर्टहॉग, मग पट्टेवाल्या मुंगसांची टोळी, आणि सगळ्यांनी तेच चाटलं. मी जाऊन सांगितलं तर म्हणाले, अहो ताई, भूक लागलीये बिचारीला. लागलेलीच होती हो भूक तिला. पण जंगलात तिने एकटीने एका झुडपापासून दुसऱ्या झुडपाकडे फिरत खाल्लं असतं. वीस तोंडं एका थाळीत रोज तीनदा येणं हे जंगलात कधी होत नाही, ते फक्त आपल्या ओट्यासमोर होतं. त्या मादीला नंतर गोळी घालावी लागली. त्या पिल्लाचं काय झालं मला माहीत नाही.

"मग मारता कशाला, उचलून दुसरीकडे न्या ना", हे मी ग्रुपवर कितीतरी वेळा वाचलं. रास्त प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देते. टीबी असलेल्या ठिकाणचा कुडू उचलून दुसऱ्या रिझर्व्हमध्ये नेला तर टीबी पण तिथे नेला. शिवाय हा सगळा पट्टा लाळ्या-खुरकूतच्या नियंत्रणाखाली येतो, कारण क्रुगरच्या बफेलोंमध्ये तो विषाणू कायमचा असतो, त्यामुळे फाटलेल्या खुरांचं कुठलंही जनावर इथून परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. कुडू, इम्पाला, वॉर्टहॉग, विल्डबीस्ट, जिराफ सगळे त्यात आले. झेब्राला एकच खूर, त्याला तो आजार होत नाही, म्हणून झेब्रा हलवणं त्यातल्या त्यात सोपं. म्हणजे जे सगळ्यात जास्त वाढतात तेच हलवणं सगळ्यात अवघड. गर्भनिरोधक लस हत्तिणींना देतात, मकालाली नावाच्या खाजगी रिझर्व्हमध्ये 2000 पासून देतायत आणि तिथे उपयोग झाला, पण हत्तीण एकेक ओळखता येते, तिची नोंद ठेवता येते. झाडीत लपणाऱ्या शेकडो इम्पालांना डार्ट मारायचा, परत वेळेवर मारायचा, कोणाला मारला ते लक्षात ठेवायचं, हे कसं करणार सांगा.

आणि काहीच केलं नाही तर? तेही ह्या देशाने बघितलंय. 1980 च्या दशकात, तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रांतात, गेम रँचेसवर (कुंपण घालून वन्य प्राणी पाळायच्या खाजगी जमिनींवर) हिवाळ्यात कुडू मरायला लागले, आकडा 3,000 च्या घरात गेला. अंगावर जखम नाही, पोट पाल्याने भरलेलं, आणि तरी जनावर उपासमारीने गेल्यासारखं. प्रिटोरिया विद्यापीठाचे वाऊटर फान होव्हेन यांनी पोटातला पाला तपासला तर त्यात टॅनिन, म्हणजे पानातलं तुरट द्रव्य, भरमसाट. बाभळीच्या जातीच्या झाडांना फार ओरबाडलं की ती पानातलं टॅनिन वाढवतात आणि मग ते पचत नाही. मोकळा कुडू एका झाडाला थोडं खातो आणि पुढे सरकतो. कुंपणातला, गर्दीतला कुडू कुठे सरकणार? त्याला त्याच झाडाकडे परत यावं लागतं. ऑगस्टमध्ये कधी आलात तर आमच्याकडची झाडं नीट बघा, कुडूचं तोंड पोचतं तिथपर्यंत खाली एक पान शिल्लक नसतं, आणि जमीन लाल उघडी. पाऊस आला की तीच माती रस्त्यावरून वाहत नदीला जाते. अशा ठिकाणी पेलेट्स ओतले की जनावरं जगतात पण झाडं जगत नाहीत, आणि झाडं गेली की पुढच्या वर्षी आणखी पेलेट्स लागतात. पुढे कधीतरी कोणीतरी रायफल घेऊन येतोच.

क्रुगरनेच हा धडा घेतला, तोही महागात. जनावरांचं भलं व्हावं म्हणून तिथे बोअरवेल खणून शेकडो कृत्रिम पाणवठे केले होते. उत्तरेच्या कोरड्या मैदानात रोन नावाचा देखणा, दुर्मिळ काळवीटवर्गीय प्राणी होता. पाणी आलं म्हणून झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, दुष्काळही पडला, आणि 1986 च्या आसपास साडेचारशेच्या घरात असलेले रोन 1993 पर्यंत 45 च्या आसपास उरले. कोणी त्यांना गोळी घातली नव्हती. चांगल्या मनाने दिलेल्या पाण्याने ते घडलं. हत्तींचं तर तुम्हाला ऐकून माहीत असेल, 1967 ते 1994 मध्ये क्रुगरमध्ये 14 हजारांहून जास्त हत्ती मारले, जगभरातून ओरड झाली आणि ते थांबलं. थांबल्यावर संख्या दुपटीच्याही वर गेली. पण त्यांनी नुसतं थांबवलं नाही, बरेचसे कृत्रिम पाणवठे बंद करत आणले, म्हणजे संख्या फुगवणारी गोष्टच काढून घ्यायला सुरुवात केली. मला हेच सुचवायचंय. आमच्या पार्कातला पाणवठा म्हणजे तुमच्या हातातली पेलेट्सची पिशवी.

(नामिबियाची 2024 ची बातमी पण कोणीतरी ह्याच फोटोखाली चिकटवली होती, 723 प्राणी आणि त्यात 83 हत्ती. ते दुष्काळात उपाशी माणसांना मांस देण्यासाठी ठरलं होतं, त्यावर वेगळं भांडण होऊ शकतं, पण ते आणि आमचं हे एकच नाही. आणि ट्रॉफी हंटिंग तर अजिबातच नाही, इथे कोणी शिंगं भिंतीवर लावायला पैसे भरून येत नाही.)

कलिंगची रात्र कशी असते ते सांगते, कारण तुम्ही फक्त सकाळचा फोटो बघितलाय. हिवाळ्यातली थंड रात्र निवडतात. बकी अगदी हळू येते, झाडांतून स्पॉटलाईट फिरतो, आपल्या पडद्यावरून उजेड सरकत जातो. मग शांतता, मग सायलेन्सर लावलेल्या रायफलीचा दबका ठक्क आवाज. ठक्क ऐकू आलं की मी दुसऱ्या आवाजाची वाट बघते आणि तो आला नाही की मला बरं वाटतं, कारण दुसरा आला तर पहिली गोळी नीट लागली नाही. चांगला नेमबाज असला की एकाच गोळीत डोक्यात, बाजूच्या इम्पालाला पण कळायच्या आत. दुसऱ्या दिवशी उरलेला कळप अंगणाच्या कडेला उभा राहतो, माना वर करून, पूर्वीसारखा आत येत नाही. मी त्यातल्या बऱ्याच जणींना तोंडाने ओळखते, एकीचा कान फाटलेला, एकीच्या पायावर जुना तारेचा वण. कोण नाही ते मला कळतं. हे मला सोपं जात नाही आणि जाऊही नये.

ज्यांना तुम्ही राक्षस म्हणालात त्यांच्यातल्या एकाला मी चांगली ओळखते. जवळच्या स्वाझी लोकांच्या गावातला माणूस, वर्षभर हाच माणूस तारेच्या फाशात अडकलेली जनावरं सोडवतो, रात्री दोन वाजता गाडीने उडवलेल्या झेब्र्याजवळ बसून राहतो डॉक्टर येईपर्यंत. कोणीतरी त्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढून पसरवला, त्याच्या मुलीला शाळेत ऐकून घ्यावं लागलं. आपल्या मराठी ग्रुप्सवरूनही तो फोटो पुढे गेलाय. तो डिलीट करा, आज, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही सांगा. मांसाबद्दलही जपून बोला. आजूबाजूच्या गावांत घरात महिना-महिना मटण शिजत नाही. 2016 च्या दुष्काळात क्रुगरने साडेतीनशेच्या आसपास पाणघोडे आणि बफेलो मारले, त्याचं मांस आसपासच्या गरीब वस्त्यांना दिलं. आपल्यात शाकाहारी आहेत त्यांचं दुःख मला समजतं, पण आपल्याच ब्राईवर (बार्बेक्यूवर) बोकड चालतं आणि तपासून मारलेला इम्पाला शेजारच्या गावात शिजला की तो गुन्हा, हे मला पटत नाही.

म्हणजे जे चाललंय ते सगळं बरोबर आहे असं मी म्हणतेय का? नाही. चुकीच्या पद्धतीने केलेलं कलिंग पुढे किती वर्षं त्रास देतं ते पिलान्सबर्गच्या अभयारण्याने दाखवलंय. क्रुगरमध्ये मोठे हत्ती मारून अनाथ पिल्लं तिकडे नेली, ती वडीलधाऱ्यांशिवाय वाढली, वयात आल्यावर त्या तरण्या नरांनी नव्वदच्या दशकात चाळीसच्या वर पांढरे गेंडे मारले, आणि 1998 ला क्रुगरहून सहा मोठे नर आणून सोडल्यावर ते थांबलं. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, कोणाला मारलं हे महत्त्वाचं. तुम्हाला पिटिशन करायचीच असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर सही करते, पण तिच्यात "कलिंग बंद करा" ह्या एका ओळीऐवजी हे मागू या: प्रत्येक वर्षीची गणना सगळ्यांना बघायला मिळावी, ती कशी केली ते पण, कुठल्या जातीचे किती, नर किती, मादी किती, वय काय, हे आधी जाहीर व्हावं. मारलेल्यांपैकी किती जणांची टीबी तपासणी झाली आणि काय निघालं ते नंतर सांगावं. पिल्लू दूध पितंय अशी मादी त्या काळात मारू नये. तारखा रहिवाशांना कळाव्यात म्हणजे लोक पोरांना घेऊन अंगणात बसणार नाहीत. आणि प्लॉटवर दुसरं, तिसरं घर चढवायची परवानगी देताना जनावरांना किती जागा उरते ह्याचा हिशोब लावावा, कारण प्रत्येक नवीन लॉज म्हणजे तेवढी झाडं गेली आणि तेवढे ट्रे वाढले. अशा मागण्यांना उत्तर द्यावं लागतं. रडणाऱ्या इमोजीला द्यावं लागत नाही.

खायला घालणं एका रात्रीत बंद केलं तर वर्षानुवर्षं सवय लागलेली जनावरं भर हिवाळ्यात अडचणीत येतील, हे मला कळतं. ते इथल्या रहिवाशांनी मिळून, पावसाळ्यात सुरू करून, हळूहळू करायचं काम आहे, आणि खरा दुष्काळ पडला तर लूसर्न घास पार्कभर पसरून, गर्दी होणार नाही असा टाकायचा. आम्ही काही जण त्यासाठी भांडतोय, शेजाऱ्यांशी सुद्धा, आणि ते सोपं नाही कारण लोक मनापासून प्रेम करतात. पण सुट्टीला येणाऱ्यांनी थांबायला कोणाची वाट बघायची? दर शुक्रवारी वेगळं कुटुंब वेगळी गोणी घेऊन येतं, त्याच्यावर कोणाचाच धरबंध नाही, तेवढं तरी आपण आपलं थांबवू शकतो. आणि गाडी सावकाश चालवा हो. संध्याकाळी मातीच्या रस्त्यावर धूळ उडवत जाता, ब्रेक लागेपर्यंत इम्पाला बॉनेटवर असतो. त्याचा फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही.

आता कामाचं. 24 सप्टेंबरच्या सुट्टीची ट्रिप ठरतेय, मेसेज मला पण आलाय. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला "मुलांसाठी अ‍ॅनिमल फीडिंग" लिहिलंय, आणि प्रत्येक कुटुंबाने एक गोणी आणावी असंही. ती ओळ काढून टाका. त्याऐवजी सकाळी सहाला सगळ्या पोरांना माझ्याकडे पाठवा, आपण नदीच्या कुंपणाला जाऊ, पलीकडे हत्ती, बफेलो पाण्यावर येतात, दुर्बिणी माझ्याकडे आहेत. येताना वाटेत झाडांची खालची बाजू पण दाखवते त्यांना, आणि कुडूच्या कानाखाली काय बघायचं ते पण, म्हणजे गाठ दिसली तर कुठे कळवायचं हे त्यांना माहीत असेल, पोरांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. गोणीचे पैसे वाचतील ते एकत्र करा, फासे काढणाऱ्या टीमला टॉर्चच्या बॅटऱ्या आणि हातमोजे लागतात, मी यादी पाठवते. मेसेज ह्याच आठवड्यात बदला म्हणजे झालं, कारण बरेच जण महिनाअखेरच्या खरेदीत गोणी पण घेऊन ठेवतात.

तुमचीच,
मार्लोथ पार्कमधली एक रहिवासी